हलका झालेला दोर

१२ एप्रिल

अमोलदादा,

फोन उचलत नायस. आधी वाटलं, कसाऱ्याला घाटात रेंज नसेल. मग माधुरीच्या फोनवरून लावला तर पहिल्याच रिंगला "हॅलो" आलं, आणि माझा आवाज ऐकल्याबरोबर कापलास. म्हणजे मला ब्लॉक केलंयस. सख्ख्या बहिणीला! माधुरी, आमच्या शामची बायको, तिथेच भाकऱ्या थापत होती. माझं तोंड बघून तिलाच कसंतरी झालं. म्हणून आता कागदावर लिहिते. आमच्या पाड्यातला लडकू तुझ्याच रेल्वेच्या साइटवर आहे, तो रविवारी परत जाताना घेऊन येईल. त्याला सांगून ठेवलंय, अमोलनं वाचेपर्यंत समोरून हलायचं नाय.

आईबाबा बरे आहेत. पाडव्याला मी किन्हवलीला जाऊन आली. आई तुझ्या खाटेवर चिंचा वाळत घालते आता. बाकी तुला विचारायचं असेल ते तूच जाऊन विचार.

मी लिहितेय ते दुसऱ्याच कामासाठी. मनोजनं वाखाचा दोर काढलाय. सकाळपासून अंगणात पसरून एकेक पेड तपासतो, पाणी मारतो, पिळतो. दोर पिळताना जो आवाज येतो ना, तो मला चुलीपाशी बसून ऐकू येतो आणि माझ्या हातातलं काम सुटतं. नवरा कड्यावर उतरणार म्हणून मी घाबरलीय, दादा. सरळच सांगते.

तुला आमच्या घारीच्या कड्याचा नियम माहीत आहे, तरी परत सांगते, कारण तू विसरल्याचं नाटक करशील. ज्या घराचा कडा, त्या घरानं सालातून एकदा उतरून आग्या मोहोळाचं पोळं काढायचं. दोन सालं लागोपाठ कोणी उतरलं नाय, तर पाडा बसतो आणि कडा दुसऱ्या घराला देतो. गेल्या साली कोणी उतरलं नाय. का नाय, ते तुला माहीत आहे. तू आलाच नायस.

आणि दुसरा नियम. वर दोर धरायचा तो बायकोच्या भावानं. लग्न होऊन आली तेव्हा सासूबाईंना विचारलं होतं, असं का? धोंडूबाई म्हणाल्या, "सख्ख्या भावाच्या मनात जमिनीचा वाटा असतो गो. बायकोचा भाऊ कसा सोडंल? त्याच्या बहिणीचं कपाळ टांगलेलं असतं खाली." तेव्हा मला हसू आलं होतं. तू पहिल्यांदा धरलास त्या साली नाय आलं.

यंदा शाम म्हणतो, मी धरतो. शाम माणूस चांगला आहे रे, पण तो मनोजचा चुलतभाऊ, आणि मुख्य म्हणजे घरात एक गांधीलमाशी आली तरी हा बाहेर पळतो. वरती आग्या मोहोळ उठलं तर काय करेल? मनोजला सांगितलं, तर म्हणतो, "दोराचं टोक अंजनीच्या झाडाला बांधलेलं असतंय, शाम काय नि अमोल काय." मग तोंड फिरवतो. त्याला तुझं लागलंय. चारचौघांत तो म्हणाला होता की मेहुण्याला माज आलाय, ते मला माहीत आहे. मी त्याची बाजू घेत नाय. पण तू एकदा ये. एका दिवसाचं काम. धर दोर आणि जा.

तुझी रवी

१९ एप्रिल

दादा,

लडकू तुझा निरोप घेऊन आला. मी धान्य पाखडत होती, त्यानं ओट्यावर बसून पाठ केलेल्या कवितेसारखा म्हणून दाखवला. "तिला सांग, मी एकदा दोर सोडलाय. दुसऱ्यांदा सोडणार नाय, कारण धरणारच नाय."

माझ्या हातातलं सूप खाली पडलं. कधी सोडलास? तीन सालं तू धरलास, तीन सालं मनोज वर आला. माझ्यापासून काहीतरी लपवलंय का तुमी दोघांनी? मी तशीच उठून खळ्यावर गेली आणि मनोजला विचारलं, "दादानं कधी दोर सोडला?"

तो मग म्हणाला, "तो गेममधला म्हणत असंल."

गेममधला!

मग मला आठवलं. परवाच्या सालचा गणपती. तू आमच्याकडे आला होतास, भर दुपारी तुमी दोघं ओट्यावर पाय पसरून फोनवर खेळत होतात, एकमेकाला शिव्या देत. मी तुम्हाला उकडीचे दिले आणि आत आली. थोड्या वेळानं बाहेर बघते तर ओरडणं बंद. तुझा फोन ओट्यावर पालथा, आणि तू हापशावर हात धुतोयस. मी म्हटलं, काय सांडलं? तू म्हणालास, काय नाय. त्याच दिवशी सणाचं जेवण सोडून तू निघून गेलास. आमी समजलो, मनोजशी कशावरून तरी बिनसलं. जाताना मला एवढंच म्हणालास, "रवे, माझ्या हातात दोर देऊ नकोस." मी त्या वेळी लक्षसुद्धा दिलं नाय.

आता मनोजनं सगळं सांगितलं. बर्फाचा डोंगर. दोन माणसं एकाच दोरानं बांधलेली, एक तुझ्या फोनवर, एक त्याच्या. कितीतरी दिवस तुमी ती चढत होतात. मग एका ठिकाणी कडा तुटतो, खालचा लटकतो, आणि वरच्यानं अंगठा दाबून धरायचा. दाबलेला असेल तोवर दोर धरलेला. तुझा अंगठा सुटला आणि मनोजचा माणूस गेला. मनोज हसला म्हणे, "अरे, गेम हाय!" पण पुढे तुझा माणूस एकटाच चालायला लागला आणि त्याच्या कमरेचा दोर मागे बर्फातून फरफटत होता. कोणी नसलेला. तू म्हणालास, हा दोर काढता येत नाय का? मनोज म्हणाला, शेवटपर्यंत असाच राहतो वाटतं. तेव्हा तू फोन पालथा ठेवलास.

मला आधी राग आला. मोठा घोडा झालास, एका गेमपायी माझ्या नवऱ्याला वाऱ्यावर सोडलंस? मग संध्याकाळी जात्यापाशी बसली असताना मला ते दिसलं, बर्फातून फरफटणारा दोर. मी तर तो बघितलेलासुद्धा नाय. तरी दिसला.

मी तो गेम खेळून बघणार आहे. तुला काय झालं ते मला कळलं पाहिजे. मनोज म्हणतो, वेड लागलंय तुला.

रवी

२२ एप्रिल

दादा, हे शांतपणे वाच. घाईत पानं उलटू नकोस. हे पत्र लडकूकडे नाय, त्याचा मोठा भाऊ उद्या पहाटेच्या बसनं निघतोय, त्याच्याकडे देतेय.

आमी खेळलो. मी वर, मनोज खाली. बोटं वळत नव्हती आधी, चार ठिकाणी आपटली, माधुरी मागे बसून फिदीफिदी हसत होती. मग हळूहळू जमलं. बर्फावरून दोघं चालतात तेव्हा एकाचा पाय घसरला की दुसरा आपोआप बसतो, दोर ताणून. मला ते फार आवडलं. मी मनोजकडे बघितलं, तर त्याचं लक्ष फोनमध्येच.

कडा तुटला तेव्हा मी किंचाळली. फोन हातात थरथरायला लागतो, तू बघितलंयस. मी अंगठा दाबला. एका अंगठ्यावर दुसरा ठेवला. दात आवळून बसली. खालून त्या माणसाचं तोंड वर बघतं. मी उचलला नाय अंगठा, दादा. आईची शपथ घेऊन सांगते. मनात एकच, मेली तरी उचलणार नाय.

आणि तो पडला.

दोर हलका झाला. तुला सांगायला नको, तो हलका झालेला कसा दिसतो. मी रडायलाच लागली, अगदी हुंदके देऊन. माधुरीचं हसणं थांबलं. मनोज म्हणाला, "घाम येतो अंगठ्याला, निसटतं." मी तुझ्यासारखीच हात बघत बसली. मला वाटलं, निसटला असेल. आपलं रक्तच तसलं, भावानं सोडला, बहिणीनंही सोडला. तू इतके दिवस हे घेऊन फिरतोयस, हे मला त्या वेळी कळलं.

मनोजला म्हटलं, आता मी खाली, तू वर. तर म्हणतो बॅटरी नाय. चार्जिंगला लावते म्हटलं, तर म्हणतो बैलांना पाणी दाखवायचंय. बैलांना आत्ताच दाखवलं होतं! मग मी माधुरीला वर बसवली, तिच्या नवऱ्याचा फोन घेतला आणि मी लटकली.

दादा, खालच्याच्या फोनवर पण एक बटण आहे.

बारीक आहे, एका कोपऱ्यात, गाठीचं चित्र. ते दाबलं की खालचा आपली गाठ स्वतः सोडतो. मी दाबून बघितलं. वर माधुरी ओरडली, "अगोबाय, माझा अंगठा सुटला!" तिचा अंगठा तिथंच होता, मी बघत होती, नख पांढरं पडेपर्यंत दाबलेला. वरच्याला काय कळत नाय रे. त्याला फक्त हलका झालेला दोर दिसतो.

मी गोठ्यात गेली. मनोज रिकाम्या बादलीपाशी उभा होता. मी म्हटलं, "अमोलनं सोडला नव्हता. तू सोडलीस गाठ."

तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत राहिला. मग म्हणाला, "दोघं गेलो असतो. दोर तुटायला आला होता. एक तरी वर पोचला ना."

"आणि आज? आज पण?"

"आज पण."

"मग त्याला सांगितलं का नायस तेव्हाच? माझ्या भावानं स्वतःला खुनी समजून घर सोडलं!"

तर म्हणतो, "मला वाटलं मस्करी करतोय. एवढ्याचं कोण मनाला लावून घेतं? मग तो यायचाच बंद झाला. मग मला पण राग आला, मी चारचौघांत बोललो. एकदा बोलून बसलो, मग सांगायला तोंड राहिलं नाय." त्याचे डोळे भरले होते. मला त्याच्या एक कानाखाली द्यावीशी वाटली आणि जवळ पण घ्यावंसं वाटलं. दोन्ही केलं नाय.

तर तू सोडला नाय. हे तुला पहिल्या ओळीत लिहायला हवं होतं, पण मला सुचत नाय काय आधी लिहू. तू सोडला नायस, दादा. तुझा अंगठा तिथंच होता.

आता खरी गोष्ट. तू सुटलास, पण मला झोप नाय. आजवर मला वरच्या माणसाची भीती होती. कोण धरणार, पळून जाईल का, हात निसटेल का. आपल्या सगळ्या चालीरीती वरच्या माणसासाठी. बायकोचा भाऊ धरेल, तो सोडणार नाय. आणि खाली लटकलेल्यानंच सोडली तर? त्याच्यासाठी कोणी काय चाल केलीय? मनोज गाठ स्वतः बांधतो, पुढे, पोटावर, हात सहज पोचेल अशी. पोळं कापायला बांबूची पात असते, लोखंड कड्यावर नेत नायत, त्यामुळे दोर कापायचा म्हटला तर कापता येणार नाय. पण गाठ? ती तर त्याच्या बोटाखाली असते. उद्या वर दगड हलला, शाम घसरला, आणि याला वाटलं की आपल्यापायी हा पण जातोय, तर हा काय करेल ते मी दोनदा बघितलंय. एकदा ऐकून आणि एकदा डोळ्यांनी. खेळात माणूस खोटं वागत नाय.

ये. येऊन त्याची गाठ पाठीवर बांध. दोन खांद्यांच्या मध्ये, जिथं त्याचा हात पोचणार नाय.

रवी

२४ एप्रिल

दादा,

उतरायचा दिवस ठरला. रविवार सकाळ. कड्यावर सावली असते तोवर.

मागचं पत्र पोचलं का ते मला कळायला मार्ग नाय. लडकूचा भाऊ म्हणतो, तू साइटवर नव्हतास, कोणाच्या तरी हातात दिलं. कोणाच्या, ते त्याला आठवत नाय. म्हणून परत लिहिते, एवढंच. तू सोडला नव्हतास. मनोजनं स्वतः गाठ सोडली होती. रविवारी येऊन त्याची गाठ पाठीवर बांध.

मी मनोजला सांगून बघितलं. "शामकडून मागे बांधून घे." तर भडकला. "मागं गाठ बांधायला मी काय बैल हाय? उतरणारा आपली गाठ आपण बांधतो." सासूबाईंना मध्ये घातलं. त्या पण त्याच्याच बाजूच्या, म्हणतात, माझ्या मालकानं पण पोटावरच बांधली जन्मभर. मी पाया पडायची तेवढी बाकी राहिली. शेवटी जेवताना, ताटाकडे बघत, तो म्हणाला, "अमोल बांधंल तर बांधून घेईन."

ऐकलंस? दुसऱ्या कोणाकडून नाय. तुझ्याकडूनच.

काल बाजाराला धसईला गेली होती, बसमध्ये कोणीतरी पिशवीची दोरी ओढली तर मी दचकून उभी राहिली, बायका हसल्या. त्या दिवशी उतरणाऱ्याच्या बायकोनं कड्यावर जायचं नसतं, घरात चूल विझवून बसायचं. मी बसणार. पण मला विझलेल्या चुलीची जाम भीती वाटतेय, दादा. तू नाय आलास तर मी नियम मोडून वर जाईन, पाड्याला काय म्हणायचं ते म्हणू दे.

शनिवारी रात्री कसाऱ्याहून निघालास तरी पोचशील.

रवी

२७ एप्रिल

दादा,

बिनजेवता गेलास. खालूनच, ओढ्याच्या वाटेनं. बहिणीच्या दारात आला नायस, एवढं लक्षात ठेवीन मी. भात लावला होता, मधाचं पोळं आलं होतं, आणि तू बस पकडायला पळालास. हात केवढा सुजला असेल! शाम म्हणाला, तुझं एक बोट भोकराएवढं झालं होतं आणि तू दोर सोडून ते चोळायला तयार नव्हतास. हळद लाव. लावलीस का?

तू आलायस हे मला माधुरीनं सांगितलं. मी विझलेल्या चुलीपुढे गुडघ्यात डोकं घालून बसली होती, ती धापा टाकत आली, "वहिनी, तुमचा भाऊ आलाय, सरळ कड्यावर गेला!" मी अंगणात धावली. इथून कडा एवढा लांब, माणसं मुंगीएवढी. पण मला दिसलं. एक जण पाठमोरा उभा होता आणि दुसरा त्याच्या मागे वाकून काहीतरी बांधत होता. बराच वेळ बांधत होता. मी खाली बसली ती उठलीच नाय.

शामनं मला नंतर सगळं सांगितलं. तुमी दोघं कामापलीकडे एक शब्द बोलला नायत. मनोज म्हणाला, "दोर पुढूनच येऊ दे, नायतर तोंड कड्याकडं राहणार नाय." तू नुसती मान हलवलीस. छातीवरून दोन फेर घेतलेस, शेवट मागे नेलास आणि गाठ मारून, पाय लावून ओढलीस. मग बोललास, "काढून दाखव." त्यानं दोन्ही हात मागे नेले, वरून नेले, खालून नेले. पोचले नायत. तेव्हा तू जाऊन अंजनीपाशी बसलास आणि दोर हातात घेतलास. माशा उठल्या तेव्हा शाम पळाला, हे पण त्यानं आपणहून सांगितलं. लाजला बिचारा, पण सांगितलं.

धूर मला इथून दिसला. मग माशांचा आवाज पण आला, का मला नुसता वाटला, माहीत नाय. त्यानंतर काय झालं ते मला विचारू नकोस. मी देवाचं नाव घेत होती का तुझं, तेही आठवत नाय.

मनोज घरी आला तो ओळखू येईना. डोळे मिटलेले, ओठ सुजलेला. पोळ्याचा डबा ओट्यावर ठेवला, अंघोळ केली, भात खाल्ला. पाड्यातले आले, मध वाटला, कडा आमच्याकडे राहिला म्हणून दोघातिघांनी त्याच्या पाठीवर थापा मारल्या आणि तो कळवळला. सगळे गेल्यावर मी त्याचे काटे काढत बसली होती. तेव्हा त्यानं सांगितलं. तुला त्यानं सांगितलं नसणार, म्हणून मी लिहितेय. नायतर हे पत्र लिहायची गरजच नव्हती.

पोळं कापून झालं आणि दोर खाचेत अडकला. माशांनी त्याला पूर्ण झाकला होता. तू वरून ओढलास, तेव्हा तुझ्या पायाखालचा दगड सुटला आणि त्याच्या कानाजवळून खाली गेला. दोर एकदम हातभर खाली आला. झाड होतं, पण त्या वेळी झाड कोणाला आठवतं? तो म्हणाला, "मला वाटलं, अमोल येतोय खाली माझ्यापायी. मला वाटलं, रविनाचा भाऊ पण जाणार आणि मी पण. दोघं कशाला?"

मी काटा काढायची थांबली. मी म्हटलं, "मग?"

म्हणाला, "हात पोटावर गेला. चाचपला, चाचपला. गाठ घावली नाय. मग वरनं अमोलची शिवी ऐकू आली, आईवरची, सगळ्या कड्यात घुमली. आणि मी पाय लावून चढायला लागलो."

पुढच्या साली ये. आदल्या दिवशी ये, जेवून झोप, आणि गाठ तूच बांध.

रवी